जीसीसी की क्लँग? आठ महिने दोन्ही वापरले, आता बोलतो

जीसीसी आणि क्लँग हे दोन कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या सी आणि सी प्लस प्लस कोडमधून मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम बनवणारे. बेंचमार्कचे आलेख बघायला आला असाल तर आधीच सांगतो, ते इथे नाहीत. अमक्याचा कोड तमक्यापेक्षा दोन टक्के फास्ट चालतो हे भांडण मी कॉलेजपासून ऐकतोय आणि माझ्या कामात त्या दोन टक्क्यांवाचून आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. मला फरक पडतो तो दोनच गोष्टींनी. एक ओळ बदलली की परत चालवून बघेपर्यंत किती वेळ हातावर हात ठेवून बसायचं, आणि मी माती खाल्लीये हे मला माझ्या टेबलावर कळणार की कस्टमरच्या दारात.

आता मी काय करतो ते सांगतो म्हणजे माझं मत कुठून आलंय ते कळेल. पुण्यात एका लहान कंपनीत आहे, आम्ही एक गेटवे बॉक्स बनवतो, कारखान्यातल्या मशीनींना जोडायचा आणि त्यांचा डेटा गोळा करून वर सर्व्हरला ढकलायचा. आत लिनक्स, त्यावर आमचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम), बहुतेक सी प्लस प्लस, तळाशी थोडं जुनं सी, सगळं मिळून तीनेक लाख ओळी. बॉक्स आर्मवर चालतो पण रोजचं काम साध्या इंटेल डेस्कटॉपवर, खऱ्या मशीनींच्या जागी सिम्युलेटर लावून. मेकफाइल (बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाइल) इतकी जुनी की पहिल्यांदा कोणी लिहिली ते ऑफिसात कुणाला आठवत नाही. कंपायलर म्हणजे जीसीसी, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करणारा) म्हणजे त्याच्यासोबत जो येतो तो, डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं टूल) म्हणजे जीडीबी, आणि बाकी सगळं स्क्रीनवर मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफच्या भरवशावर. दहा वर्षं असंच चाललं होतं आणि खरं सांगायचं तर वाईट चाललं नव्हतं.

सुरुवात लिंकरपासून करतो, कारण कंपायलरवर सगळेच बोलतात आणि ह्या बिचाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आमच्याकडे एक फाइल बदलली की ती कंपाइल व्हायला तीन-चार सेकंद, आणि मग शेवटच्या ओळीवर टर्मिनल थिजायचं. डीबग बिल्ड, सगळ्या सिम्बॉलसकट (फंक्शन-व्हेरिएबलच्या नावांसकट), पस्तीस-चाळीस सेकंद. ऐकायला काहीच नाही, पण हे दिवसातून पन्नास-साठ वेळा करा. चाळीस सेकंदात माणूस मोबाइल उचलतो, उचलला की पाच मिनिटं गेली, आणि परत आल्यावर आपण नक्की काय बदललं होतं ते आठवण्यात अजून दोन. टीममधल्या पोराला "अरे झालं का?" विचारलं की "दादा, लिंक होतंय" हे उत्तर ठरलेलं, तो टपरीवर उभा असला तरी फोनवर हेच.

कारण साधं आहे, जीसीसीसोबत येणारा जुना लिंकर, जीएनयू एलडी, हे काम एका कोअरवर, एका रांगेत करतो, तुमच्या मशीनला आठ कोअर असोत नाहीतर बत्तीस. त्याला पर्याय म्हणून २००८ मध्ये गोल्ड आला, बरीच वर्षं लोकांनी वापरला, आता त्याचाच वाली उरला नाही, २०२५ मधल्या बायनयुटिल्स (एलडी ज्यात येतो ते पॅकेज) २.४४ पासून तो मुख्य पॅकेजमधून बाजूला काढलाय. नवीन कोणी गोल्डवर जात असेल तर जाऊ नका. आजच्या घडीला बघायचे ते दोन, एलएलव्हीएमचा (क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रकल्प) एलएलडी आणि मोल्ड. गंमत म्हणजे दोन्हीच्या मागे एकच माणूस, रुई उएयामा, आधी एलएलडीवर काम केलं, मग त्याला वाटलं की हे अजून जोरात पळायला पाहिजे म्हणून मोल्ड वेगळा लिहिला, १.० डिसेंबर २०२१ मध्ये आलं. मोल्डच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे १६ कोअरच्या मशीनवर क्लँगसारखा दीड जीबीचा बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम, जोडायला एलडीला ४२ सेकंद, एलएलडीला पाचेक आणि मोल्डला दीडच्याही आत. कंपनीने स्वतःच्या गाडीचं सांगितलेलं ॲव्हरेज आपण जसं धरतो तसं मी ते धरलं होतं. आमच्याकडे चाळीसचे दोन झाले. दोन सेकंद! पहिल्यांदा मला वाटलं लिंकच झालं नाही, मी बायनरीची तारीख-वेळ बघून आलो.

आणि ह्यासाठी कंपायलर बदलावा लागत नाही हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जीसीसी १२ पासून फ्यूज-एलडी ह्या फ्लॅगला (कंपायलरला द्यायच्या सूचनेला) मोल्डचं नाव चालतं, लिंकच्या ओळीत एक शब्द, संपलं. पूर्वी मोल्डचं लायसन्स एजीपीएल, म्हणजे कडक अटींचं, होतं म्हणून आमच्या मॅनेजरसाहेबांना धाकधूक होती, २०२३ मध्ये २.० आलं तेव्हा ते एमआयटी, म्हणजे मोकळं, झालं, तो विषयही मिटला. एकच गोष्ट लक्षात ठेवा, तुमचं काम ऑपरेटिंग सिस्टम नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर असेल, म्हणजे फ्लॅश कुठे रॅम कुठे हे लिंकर स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेलं असेल, तर मोल्ड तुमच्यासाठी नाही, त्याला असल्या स्क्रिप्टा नावापुरत्याच कळतात. तिथे एलडी किंवा एलएलडी.

तर लिंकरला माझ्याकडून पाचपैकी पाच, पुढे जाऊ.

आता मुख्य किस्सा. चाकणच्या एका कारखान्यात आमचा बॉक्स रात्री-बेरात्री मरायचा. वॉचडॉग (प्रोग्राम मेला की परत सुरू करणारी सोय) परत उठवायचा त्यामुळे बोंब लगेच झाली नाही, पण आठवड्यात तीन-चार वेळा डेटाला भोक पडायला लागलं तेव्हा तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन आला. पुणे-नाशिक हायवेच्या त्या ट्रॅफिकमधून दोन वेळा जाऊन आलो. कोअर फाइल (प्रोग्राम मरतानाच्या मेमरीची नोंद) आणली, जीडीबीत टाकली, बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलावलं ती फंक्शनची साखळी) बघितला तर क्रॅश मॅलोकच्या, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनच्या, पोटात आणि त्याच्यावर आमचं एक अगदी साळसूद फंक्शन, जे फक्त स्ट्रिंग जोडतं. बाकी व्हेरिएबल विचारावं तर "ऑप्टिमाइझ्ड आउट", म्हणजे कंपायलरने ते उडवलंय. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, मॅलोकच्या आत मेलेला प्रोग्राम म्हणजे खून एकाने केला आणि प्रेत दुसऱ्याच्या दारात. प्रिंट टाकले तर क्रॅश गायब, प्रिंट काढले की परत हजर. दोन आठवडे ह्यात गेले, मध्ये एक रविवार पण गेला त्याचं घरी अजून ऐकतोय.

मग ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे एसॅन, लावून डेस्कटॉपवर बिल्ड केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कंपायलर तुमच्या प्रत्येक मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या आधी एक छोटी तपासणी घुसवतो. दर आठ बाइटमागे एक सावलीचा बाइट ठेवलेला असतो, त्यात ही जागा वापरायला मोकळी आहे की नाही ते लिहिलेलं. प्रत्येक ॲलोकेशनच्या (मागून घेतलेल्या जागेच्या) दोन्ही बाजूंना लाल पट्टा, आणि फ्री केलेली, म्हणजे परत दिलेली, मेमरी लगेच दुसऱ्याला न देता काही काळ क्वारंटाइनमध्ये, म्हणजे मेलेल्याला हात लावला की पकडला जाणार. गूगलच्या लोकांनी बनवलं, २०१२ च्या त्यांच्या पेपरात सरासरी ७३ टक्के हळू होतं असं आहे, आपण दुप्पट धरून चालावं. व्हॅलग्राइंड ह्या मेमरी तपासायच्या जुन्या टूलमध्ये हेच काम वीस-तीस पट हळू होतं त्यामुळे आमचा डीमन त्याच्याखाली नीट उभाच राहायचा नाही, टाइमआउट होऊन सगळी कनेक्शनं तुटायची.

तर चालवलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. काही नाही. एक ओळ नाही. मला वाटलं हेही फेल. पण एसॅनची ही गोष्ट समजून घ्यायला पाहिजे, तो काही कोड वाचून भविष्य सांगत नाही, जो रस्ता प्रत्यक्ष चालला तेवढाच त्याला दिसतो. मग डोकं लावून चाकणला फोन केला आणि विचारलं, साहेब, हे सुरू झालं त्या सुमारास तुमच्याकडे काही नवीन बसवलं का. तर म्हणाले, हो, एक सीएनसी नवीन आलंय ना, ते लाइनवर घेतलं की, अधूनमधून बंद-चालू करतो आम्ही त्याला. आधी किती होती? सोळा. आता सतरा.

सिम्युलेटरवर मी बारा मशीनी चालवत होतो. वीस केल्या, त्यातल्या काही मधूनच सुरू होतील असं केलं, आणि चहाचा कप तोंडाला लावायच्या आत स्क्रीन लाल. हीप-यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे परत केलेली मेमरी वापरली. आणि त्या रिपोर्टची खरी मजा त्याच्या तीन भागांत आहे. पहिला भाग, मेलेली मेमरी कुठे वाचली, फाइल आणि ओळ नंबर सकट. दुसरा, ती फ्री कुणी केली. तिसरा, मुळात ॲलोकेट कुणी केली होती. आमच्या केसमध्ये वाचणारा एक साधा फॉर लूप होता, सगळ्या मशीनींच्या व्हेक्टरवरून (गरजेप्रमाणे वाढणारी यादी) फिरणारा. फ्री करणारा तोच व्हेक्टर, पुशबॅकच्या (यादीत नवीन टाकणारं फंक्शन) आतून. आणि ॲलोकेट झालं होतं स्टार्टअपला, रिझर्व्ह १६ ह्या ओळीवर, शेजारी कमेंट, "१६ पुरे".

म्हणजे लूप चालू असताना त्यातल्याच एका कॉलबॅकने नवीन मशीन यादीत घुसवली. सोळापर्यंत जागा आधीच राखलेली, म्हणून कुणाला काही झालं नाही. सतरावी आली की व्हेक्टरने दुप्पट जागा दुसरीकडे घेतली, बिऱ्हाड तिकडे हलवलं, जुनं घर परत केलं, आणि आमचा लूप जुन्याच घराची कडी वाजवत राहिला. जुना माल लगेच पुसला जात नाही त्यामुळे दहातून नऊ वेळा तेही खपून जायचं. दहाव्या वेळी मॅलोकने ती जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असायची आणि आम्ही त्याच्या अंगावर लिहायचो. फिक्स चार ओळींचा, नवीन मशीन आधी बाजूच्या यादीत ठेवायची आणि फेरी संपली की आत घ्यायची.

ह्यानंतर आमच्याकडे रात्रीचा बिल्ड सॅनिटायझर लावूनच होतो, वीस काय, चाळीस मशीनींच्या सिम्युलेटरवर. ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड (भाषेने ज्याचा अर्थच ठरवलेला नाही तसा कोड पकडणारा) दोन्ही एकत्र लावता येतात. थ्रेड सॅनिटायझर (एकाच वेळी चालणारे थ्रेड एकमेकांच्या डेटात गडबड करतात ते पकडणारा) वेगळा लावावा लागतो आणि तो पाच ते पंधरा पट हळू करतो, तो आम्ही शनिवारी चालवतो. ॲड्रेस आणि थ्रेडवाला दोन्ही कंपायलरमध्ये आहेत, जीसीसीत ४.८ पासून म्हणजे २०१३ पासून, त्यामुळे इथे क्लँग भारी आणि जीसीसी मागे असं काही नाही. हां, न भरलेली मेमरी वाचल्याचं पकडणारा मेमरी सॅनिटायझर मात्र फक्त क्लँगकडे, पण त्याला तुमच्या सगळ्या लायब्रऱ्यासुद्धा तसंच कंपाइल करून लागतात, आम्ही एक आठवडा झटलो आणि सोडून दिला.

एसॅनच्या कटकटी पण ऐका. टॉप कमांडमध्ये बघितलं तर प्रोसेसची व्हर्च्युअल मेमरी वीस टेराबाइट दिसते, घाबरू नका, ती सावलीसाठी फक्त राखून ठेवलेली जागा आहे. खरी रॅम मात्र दोन-तीन पट जाते, ५१२ एमबीच्या आमच्या बॉक्सवर ते चालणं शक्यच नाही म्हणून डेस्कटॉपवर. दुसरी कटकट जास्त वाईट. मध्ये एकदा कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवशी एसॅनचा प्रत्येक प्रोग्राम सुरू होताच मरायला लागला, तेही प्रत्येक वेळी नाही, कधी चालतो कधी नाही, आणि मरतो तेव्हा "डेडली सिग्नल" ची ओळ स्क्रीनभर धबधब्यासारखी. अर्धा दिवस मी आपलाच कोड तपासत बसलो. कारण असं निघालं की नव्या कर्नलमध्ये, सुरक्षेसाठी मेमरीतले पत्ते रँडम करायचे बिट ३२ केलेले आणि जुन्या एसॅनची सावली त्यात कधीकधी कुठेच बसत नाही. सिसकंट्रोल ह्या कमांडने व्हीएम डॉट एमएमॅप अंडरस्कोर आरएनडी अंडरस्कोर बिट्स २८ केलं की गाडी रुळावर. नवीन क्लँगमध्ये हे सुधारलंय. पण कुणी आज अडकलं असेल तर ही एक ओळ तुमचा अर्धा दिवस वाचवेल.

आता मूळ प्रश्न, जीसीसी की क्लँग. थोडा इतिहास सांगतो, फार नाही. जीसीसी १९८७ चा, फ्री सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनचा. एलएलव्हीएम २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनरने सुरू केलं, त्याचे गाइड विक्रम आडवे, ते पवईच्या आपल्या आयआयटीचे बीटेक. क्लँग २००७ मध्ये ॲपलने खुलं केलं. आणि पवईचं नातं दुसऱ्या बाजूलाही आहे बरं का, आयआयटी मुंबईत उदय खेडकर सरांचं जीसीसी रिसोर्स सेंटर होतं, जीसीसीच्या आत काय चालतं ते शिकवणाऱ्या वर्कशॉप व्हायच्या. त्यामुळे ह्या भांडणात पवई दोन्ही पक्षांत आहे.

सुरुवातीला क्लँगने बाजी मारली ती एरर मेसेजवर. चूक कुठे आहे तिथे बाण, स्पेलिंग चुकलं तर "तुम्हाला हे म्हणायचं होतं का", रंगीत. तेव्हाचं जीसीसी टेम्प्लेटच्या चुकीला दोन पानं शिव्या द्यायचं. पण स्पर्धेने जीसीसी सुधारलं, त्याची १३-१४ वी आवृत्ती घेतलीत तर मेसेजच्या बाबतीत मला तरी दोघांत उन्नीस-बीस वाटतं. आमच्या जुन्या कोडवर पहिल्यांदा क्लँग फिरवला तेव्हा साडेतीनशे नवीन वॉर्निंग आल्या, त्यातल्या तीनशेवीस पाणीपुरवठा खात्याच्या नोटिशीसारख्या, वाचायच्या आणि सोडायच्या. पण उरलेल्या तिसात सहा खरे बग होते, एक तर इफमध्ये एका एनमची (नावं दिलेल्या ठरावीक पर्यायांची) भलत्याच एनमशी तुलना करणारा, तो चार वर्षं तिथे होता. उलटही झालं, क्लँगला न दिसलेल्या दोन गोष्टी जीसीसीने पकडल्या. म्हणून माझं मत असं, कुठला एक निवडायचा हा प्रश्नच चुकीचा, कोड दोन्हीत बिल्ड होत राहील असा ठेवा. दोन डॉक्टरांना दाखवल्यासारखं आहे ते, फी तर दोघांचीही नाही. एक सूचना, क्लँगचा "एव्हरीथिंग" वाला वॉर्निंग फ्लॅग उत्साहात लावू नका, तो सी प्लस प्लस ९८ मध्ये हे चालणार नाही म्हणून पण ओरडतो, अहो ९८ मध्ये मी शाळेत होतो.

क्लँगची एक गोष्ट लिनक्सवर नवशिक्यांना हमखास रडवते. क्लँग तिथे स्वतःची नाही, जीसीसीचीच सी प्लस प्लस लायब्ररी वापरतो, आणि मशीनवर जीसीसीच्या जितक्या आवृत्त्यांचे फोल्डर आहेत त्यातला सगळ्यात मोठा नंबर उचलतो. आता तुमच्याकडे पूर्ण इन्स्टॉल आहे ११, पण दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजने १२ चा अर्धवट फोल्डर बनवून ठेवलाय, तर क्लँग बाराकडे जातो आणि सांगतो आयओस्ट्रीम नावाची फाइलच सापडत नाही. नवीन पोरगी जॉइन झाली तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हॅलो वर्ल्ड चालत नाहीये, माझं काही चुकतंय का?" काही चुकत नव्हतं तिचं. बाराची डेव्हलपमेंट लायब्ररी टाकली आणि झालं. आणि क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल) वापरणार असाल तर सगळ्यांच्या मशीनवर एकच आवृत्ती ठेवा, नाहीतर १४ वाला एक कंस वर नेतो, १८ वाला खाली आणतो आणि तुमच्या कमिटमध्ये खऱ्या बदलापेक्षा ह्यांचीच फुगडी जास्त.

मग रिलीज कशात? जीसीसीत. कारण बॉक्सचं सगळं लिनक्स, कर्नल, लायब्रऱ्या जीसीसीने बनतात, तपासलेलं तेच आहे, आणि उगाच चालत्या गाडीला खीळ कशाला. कर्नल क्लँगनेही होतो आता, अँड्रॉइडवाले तर करतातच, पण आम्हाला गरज नाही.

मात्र जीसीसीच्या नव्या आवृत्त्या कडक झाल्यात हे माहीत असू द्या, जुना सी कोड असेल तर आवृत्ती उचलायच्या आधी दोन दिवस राखून ठेवा. १० मध्ये, २०२० साली, हेडरमध्ये एक्स्टर्न (हे दुसरीकडे बनवलंय असं सांगणारा शब्द) न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल टाकायची सवय मोडली, आधी लिंकर ते सगळे गुपचूप एक करायचा, आता मल्टिपल डेफिनिशन म्हणून तोंडावर फेकतो. १४ मध्ये, २०२४ ला, न सांगता फंक्शन वापरणं, पॉइंटर आणि इंटची सरमिसळ, ह्या वॉर्निंग होत्या त्या थेट एरर झाल्या. आणि १५ मध्ये, २०२५ ला, सी ची डिफॉल्ट आवृत्ती सी२३ झाली, त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचेच शब्द आहेत, ती नावं स्वतः कशाला द्यायची नाहीत. मला हे तिन्ही बदल आवडले, कारण ज्या चुका मी रात्री दोनला शोधायचो त्या आता दुपारी दोनला कळतात. पण माझं आवडणं वेगळं आणि आम्ही ज्यांची चिप वापरतो त्यांचा एसडीके (चिपसोबत मिळणारा तयार कोड आणि टूलं) वेगळा.

त्या चिप कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचा एसडीके झिपमध्ये येतो, आत एक जुनापुराणा जीसीसी, डॉक्युमेंटमध्ये सगळे स्क्रीनशॉट विंडोजचे, आणि हेडरमध्ये पहिल्या पानावर अनसाइन्ड चारचं टाइपडेफ करून नाव दिलंय बूल. दुसऱ्या हेडरमध्ये डीबग लेव्हलचं एक ग्लोबल इंट, एक्स्टर्नशिवाय, आणि ते हेडर बावीस फाइलींत इन्क्लूड होतं. म्हणजे वर सांगितलेल्या तीनपैकी दोन खड्डे एकाच घरात. जीसीसी १५ लावला की बूलवर थांबतो, स्टँडर्ड जीएनयू १७ असं सांगून तिथून पुढे नेला की लिंकर एकवीस वेळा ओरडतो. दोन्हीला फ्लॅग आहेत, जुनं वागणं परत आणता येतं, आम्ही तेच केलंय, पण फक्त त्यांच्या फोल्डरपुरतं. आमच्या कोडला सवलत नाही.

डीबगरबद्दल थोडंच बोलतो. जीडीबीच वापरतो, एलएलव्हीएमचा डीबगर एलएलडीबी दोन आठवडे करून बघितला, वाईट नाही, पण बोटांना जीडीबीची सवय आणि आर्मच्या बॉक्सला रिमोट जोडायचं सगळं त्यातच बसवलेलं. कंट्रोल एक्स आणि मग ए दाबलं की वर सोर्स दिसतो हे अजूनही कितीतरी लोकांना माहीत नसतं, आता माहीत झालं. खरी जादू मात्र आरआर. मोझिलात जन्मलेलं, प्रोग्राम एकदा रेकॉर्ड करायचा आणि मग जीडीबीत तो पुढेच नाही तर मागेही चालवायचा. व्हेरिएबल खराब दिसलं? त्याच्यावर वॉच लावा, रिव्हर्स-कंटिन्यू म्हणा, ज्या ओळीने ते खराब केलं तिथे जाऊन उभं राहतं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्याला ओढून आणून दाखवलं. अटी आहेत, सगळे थ्रेड एकाच कोअरवर चालवतो म्हणून हळू, सीपीयूचे हार्डवेअर काउंटर लागतात म्हणून बऱ्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतच नाही. आमच्या ऑफिसच्या क्लाउडवरच्या मशीनवर नाही चालला, माझ्या टेबलाखालच्या जुन्या डब्यावर चालतो, त्यामुळे तो डबा आता कुणाला फेकू देत नाही.

व्हॅलग्राइंडला मी वर हळू म्हणालो म्हणून त्याला अडगळीत टाकू नका. परत कंपाइल न करता, कुठलाही तयार बायनरी तपासता येतो ही त्याची ताकद आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडमधला (फाइली दाबून लहान करणारं टूल) तो बॅकडोर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा, पकडला गेला आठवतंय? आंद्रेस फ्रॉइंड ह्या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायचं) लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, आणि त्याच्या आधी व्हॅलग्राइंडच्या काही विचित्र तक्रारी त्याच्या डोक्यात राहिल्या होत्या. आपण तसल्या तक्रारी सप्रेशन फाइलमध्ये (दुर्लक्ष करायच्या यादीत) ढकलून घरी जातो.

बाकीचे पटापट. सीकॅश, आधी कंपाइल केलेलं जपून ठेवतो, लावा आणि विसरा, ब्रँच बदलून परत आलात की तीन लाख ओळी परत कंपाइल होत नाहीत. क्लँग-डी, एडिटरमध्ये लावला की टाइप करतानाच चुका दिसतात, फक्त त्याला कंपाइल कमांडची जेसन फाइल लागते, जुनी मेकफाइल असेल तर बेअर नावाचं टूल ती बनवून देतं. मॅट गॉडबोल्टचा कंपायलर एक्सप्लोरर, ब्राउझरमध्ये डावीकडे कोड उजवीकडे असेम्ब्ली, दोन टक्क्यांची भांडणं इथे दोन मिनिटात मिटतात, ऑफिसचा गुपित कोड मात्र तिथे चिकटवू नका. क्लँग-टायडी, कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं, चांगलं आहे पण सगळ्या कोडवर चालवलं तर जेवून येईपर्यंत चालतं, बदललेल्या फाइलींवरच चालवा.

एक अनपेक्षित भेट म्हणजे झिग सीसी. झिग ही भाषा मला येत नाही, शिकायचा विचारही नाही, पण तिच्यासोबत येणारा सी कंपायलर, आत क्लँगच, बऱ्याच जुन्या जीलिबसीसाठीही (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बिल्ड करून देतो. आमच्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ वर आहे, जीलिबसी २.१७, आणि माझ्या मशीनवर बनवलेला बायनरी तिथे गेला की जीलिबसी २.३४ सापडत नाही म्हणून बसतो. पूर्वी ह्यासाठी जुन्या सिस्टमचं एक कंटेनर पाळलेलं होतं. आता टार्गेटच्या नावाला शेवटी २.१७ लावलं की काम फत्ते. पहिल्या दिवशी मात्र प्रोग्राम "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मेला आणि मी झिगला मनातल्या मनात भरपूर बोललो, नंतर कळलं की ऑप्टिमायझेशन नसताना तो अनडिफाइन्ड बिहेवियरची तपासणी आपोआप लावतो, आणि आमच्याच कोडमध्ये ३२ बिटांच्या आकड्याचे बिट ३१ च्या पलीकडे सरकवणारा शिफ्ट होता. बोलणी परत घेतली.

खर्चाचं म्हणाल तर सॉफ्टवेअरला एक रुपया नाही, पण रॅमला आहे. १६ जीबीच्या लॅपटॉपवर आठ जॉब लावून डीबग बिल्ड करायला गेलात की मध्येच "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस" असं येतं, तो कंपायलरचा बग नाही, कर्नलने मेमरी संपली म्हणून त्याचा बळी दिलाय. जॉब कमी करा नाहीतर रॅम वाढवा. आम्ही ३२ केली, मॅनेजरसाहेबांना चाळीसचे दोन सेकंद झालेले दाखवले त्याच आठवड्यात मागितली म्हणून लगेच मिळाली, ही टिप फुकट.

आणि त्या एसडीकेवाल्यांना मी दोन्ही हेडरचे दुरुस्त केलेले पॅच पाठवलेत, एका पॅचमध्ये एक शब्द वाढवलाय आणि दुसऱ्यात एक ओळ काढलीये. पाच महिने झाले. परवा उत्तर आलं, कृपया आमच्या डॉक्युमेंटमध्ये दिलेलाच कंपायलर वापरा, आणि तिकीट क्लोज. मी परत ओपन केलंय.